आठ आण्यांचा हिशोब

एका गावात एक मुलगी होती. तालुक्याच्या कॉलेजातून तिने संगणकाची पदवी घेतली होती आणि निकाल लागल्यावर ती घरी आली होती. वडिलांच्या दोन गायी होत्या, आईचे शिलाई मशीन होते आणि मुलीकडे एक जुना लॅपटॉप होता. नोकरी लागेपर्यंत प्रोग्रॅमिंगची एखादी भाषा नीट शिकून घ्यावी, असे तिने ठरवले. कोणती, ते मात्र ठरत नव्हते.

तिने मावसभावाला फोन केला. तो हिंजवडीला नोकरीला होता. तो म्हणाला, "जावा शीक. मोठ्या कंपन्यांत जावाच चालतं." मैत्रिणीला विचारले, तर ती म्हणाली, "पायथॉन शीक. आता दिवस एआयचे आहेत." तालुक्यातल्या क्लासवाल्या सरांनी जावास्क्रिप्ट सांगितली आणि सोबत फीचे पत्रकही दिले. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत एक तरुण रस्ट नावाच्या भाषेचे गुण गात होता. बाकीच्या सगळ्या आता म्हाताऱ्या झाल्या, असे त्याचे म्हणणे होते.

मुलीने सगळ्यांचे ऐकले. आधी जावा काढली. जावात नुसते 'नमस्कार' छापायचे तरी चार-पाच ओळींचा सोपस्कार करावा लागे. पायथॉनमध्ये ते एका ओळीत होत होते, म्हणून ती पायथॉनकडे गेली. तिथे जरा रुळली तोच कोणीतरी म्हणाले, ही फार हळू चालते. मग तिने रस्ट उघडली. रस्टमध्ये प्रत्येक गोष्टीचा मालक कोण, हे आधी स्पष्ट असावे लागते, नाहीतर प्रोग्रॅम तयारच होत नाही. तिथे ती अडली आणि जावास्क्रिप्टकडे वळली.

प्रत्येक भाषेत तिने पहिले तीन धडे केले. चौथ्या धड्याला अवघड वाटले की ती दुसऱ्या भाषेचा पहिला धडा उघडायची. मधल्या वेळात भाषांविषयी वाचायची, आणि ते तिला फार आवडायचे. सी ही भाषा 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली, हे तिला ठाऊक होते. गिडो व्हान रॉसम यांनी पायथॉन 1989 च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली आणि तिचे नाव सापावरून नाही तर एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून ठेवले, हेही ठाऊक होते. जावाला आधी ओक म्हणत. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये दहा दिवसांत उभा केला. सगळ्यांच्या कुंडल्या तिला पाठ होत्या, संसार मात्र तिने एकीशीही मांडला नव्हता.

त्या गावात एक दूध संस्था होती. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन यायचे. काट्यावर एक पोरगा बसायचा. बारावी झाल्यावर बाहेरून कॉलेज करत तो हे काम करायचा. तो दूध मोजायचा, नमुना मशीनला लावायचा, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, बघायचा आणि पावती द्यायचा. दर दहा दिवसांनी बिल निघायचे. बिलातून पेंडीचे पैसे, घेतलेली उचल आणि शेअरची रक्कम कापली जायची आणि उरलेले सभासदाच्या हातात किंवा खात्यात पडायचे. गावातल्या पुष्कळ घरांचा किराणा त्या दहाव्या दिवसावर चालायचा.

हे सगळे संस्थेच्या कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर करायचा. त्यात फॉक्सप्रो नावाच्या भाषेतला प्रोग्रॅम होता. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातल्या एका सरांनी तो नव्वदच्या दशकात लिहून दिला होता. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत पावत्या काढायचा आणि सचिव तात्या त्यांवर सही करायचे. मशीन दोनदा बदलले, पण प्रोग्रॅम तोच राहिला होता. त्याच्या आत काय आहे, ते गावात कोणालाच माहीत नव्हते.

एका पावसाळ्यात मशीन सुरू व्हायला कुरकुर करू लागले आणि एक दिवस सुरूच झाले नाही. तालुक्याचा मेकॅनिक म्हणाला, हार्डडिस्क गेली. प्रोग्रॅमची नक्कल एका जुन्या फ्लॉपीवर होती. ती फ्लॉपी वाचणारे मशीन कुठेच मिळेना. बाजारात दूध संस्थांचे तयार सॉफ्टवेअर मिळत होते, पण त्याला दरवर्षी पैसे भरावे लागणार होते, आणि संचालक मंडळाने त्या विषयावर दोन सभा चहावर काढल्या. तोपर्यंत तात्या आणि काट्यावरचा पोरगा कॅल्क्युलेटर घेऊन रात्री जागत बसले.

तात्यांनी मुलीला बोलावले. "पोरी, तू कॉम्प्युटर शिकलीस म्हणं. आमचं बिल करून दे. संस्था तुला रिकामं ठेवणार न्हाई."

मुलगी आनंदाने घरी आली आणि त्याच रात्री कामाला लागली. हळू चालते असे कोणी म्हणू नये म्हणून तिने सुरुवात रस्टमध्ये केली. आठवड्यात ती तिथे अडकली. मग मावसभावाचे आठवून जावा घेतली. जावात पानेच्या पाने लिहून झाली, पण एकही पावती निघेना. मग वाटले, मोबाइलवर दिसले तर बरे, म्हणून जावास्क्रिप्ट घेतली. दहावा दिवस आला आणि गेला. पुन्हा दहावा दिवस आला. तात्या एकदा तिच्या दारावरून जाताना थांबले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बिल कुठल्या भाषेत व्हतंय ते म्हशीला कळत न्हाई, पोरी. दहाव्या दिवशी व्हायला पायजे."

दुसऱ्या दिवशी मुलगी एसटीने शेजारच्या गावी गेली. फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम लिहिणारे सर तिथे राहायचे. ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. सर अंगणात शेंगा वाळत घालत होते. त्यांनी तिला पाणी दिले, चहा सांगितला आणि समोर बसवले.

मुलीने विचारले, "सर, कोणती भाषा घेऊ?"

सर म्हणाले, "मी पहिली कोबोल शिकलो. 1959 साली अमेरिकेत एक समिती बसली आणि तिनं ती ठरवली. ग्रेस हॉपर नावाच्या बाईंनी त्याआधी जे काम केलं होतं, त्याचा तिला मोठा आधार होता. मी शिकलो तेव्हा सगळे म्हणायचे, आता जन्माची भाकरी मिळाली. कारखान्यात आलो तर तिथं डीबेस. ती शिकलो. मग फॉक्सप्रो आली. ती वेगवान होती, मला फार आवडली. 1992 ला तिची कंपनी मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली. आम्हाला वाटलं, आता काही चिंता नाही. 2007 ला त्यांनी सांगून टाकलं, पुढची आवृत्ती निघणार नाही. 2015 पासून दुरुस्त्याही बंद."

"म्हणजे तुमचं शिकलेलं वाया गेलं?"

सर उठले आणि घरातून एक वही घेऊन आले. कापडी बांधणीची, कडा झिजलेली वही होती ती. "हे वाच," ते म्हणाले.

वहीत प्रोग्रॅमची एकही ओळ नव्हती. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर धरायचा, म्हशीचा 6 फॅट आणि 9 एसएनएफवर, आणि वर-खाली झाले तर पॉइंटमागे किती वाढवायचे, किती कापायचे. वीज गेली आणि मशीन बंद पडले तर लॅक्टोमीटरच्या आकड्यावरून एसएनएफ कसा काढायचा. पेंड आधी कापायची की उचल. बिल कपातीपेक्षा कमी आले तर बाकी पुढच्या दहा दिवसांत कशी ओढायची. सभासद वारला तर खाते कोणाच्या नावावर. दिवाळीचा फरक वर्षभराच्या दुधावर कसा वाटायचा. एका पानावर तांबड्या शाईत 1999 च्या डिसेंबरातली नोंद होती. वर्षाचे दोनच आकडे ठेवल्यामुळे 2000 साल उजाडले की सगळ्या तारखा शंभर वर्षे मागे जाणार होत्या. त्या दुरुस्तीसाठी सरांनी किती रात्री जागवल्या, ते त्यांनी लिहिले नव्हते. दुरुस्त्या कुठेकुठे केल्या, ते लिहिले होते.

"तुला बिल कसं होतं ते माहीत आहे?" सरांनी विचारले.

"लिटर गुणिले दर, वजा कपात," मुलगी म्हणाली, आणि हातातल्या वहीकडे बघून गप्प झाली.

सर म्हणाले, "माझ्या हातून एक राहिलं. फॉक्सप्रोच्या फायलीत रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं ठेवता यायचं नाही. मी आणखीनच आखूड ठेवली. के-तीन, पी-दोन, अशी. मला समजत होतं म्हणून चाललं. आज तो प्रोग्रॅम माझ्यापुढं ठेवलास तर के-तीन काय होतं, ते मलाही सांगता येणार नाही. तू नोकरीला जाशील. तुझ्यानंतर तिथं कोण बसणार आहे?"

मुलगी म्हणाली, "काट्यावरचा पोरगा."

"मग मला कशाला विचारतेस?" सर म्हणाले, आणि शेंगांकडे वळले.

मुलगी वही घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती संस्थेत जाऊन बसली. लॅपटॉप तिने नेलाच नाही. दहा दिवस ती पोराच्या शेजारी बसून राहिली, सकाळी आणि संध्याकाळी. किटली काट्यावर चढताना तिने पाहिली. नासलेले दूध परत जाताना पाहिले. एका सभासदाचे दूध चुकून भावाच्या खात्यावर चढले आणि दोघांचे भांडण झाले, तेही तिने पाहिले. अशा वेळी जुनी नोंद खोडून चालत नाही, उलट नोंद करून ती फिरवावी लागते, हे तिला तात्यांकडून कळले. तिने ते वहीत लिहिले.

मग तिने एक छोटा तुकडा तीन भाषांत लिहिला. दूध गायीचे असेल तर हा दर, म्हशीचे असेल तर तो, आणि फॅट कमी असेल तर इतके कापा. तुकडा तेवढाच होता. तिन्ही कागद तिने पोरापुढे ठेवले आणि म्हणाली, "यातलं काय वाचता येतं बघ."

रस्टचा कागद त्याने उलटसुलट करून पाहिला. जावाच्या कागदावर त्याला कंसच कंस दिसले. पायथॉनच्या कागदावर तो थांबला, बोट ठेवून हळूहळू वाचत गेला आणि खाली येऊन म्हणाला, "ताई, इथं म्हशीचा दर गायीला लागलाय बघा."

खरेच लागला होता.

भाषा तिथे ठरली. मावसभावाला कळवले तेव्हा तो म्हणाला, "अगं, पण ती हळू चालते." मुलीने हिशोब करून पाहिला. सभासद दोनशे दहा. दिवसाला दोन वेळा दूध, दहा दिवस. सगळ्या मिळून चार हजार दोनशे नोंदी. पायथॉनने त्यांची बेरीज डोळे मिटून उघडायच्या आत केली. त्यानंतर प्रिंटरने पावत्या छापायला तासभर घेतला. वेगाची चर्चा माणसे फार आवडीने करतात, आणि बहुतेक वेळा वाट प्रिंटरचीच बघत असतात.

मुलीने आता चौथा धडा केला, पाचवा केला. अडली की दुसरी भाषा उघडत नव्हती, कारण बिलाची तारीख जवळ होती. नव्या पायथॉनमध्ये नावे देवनागरीतही ठेवता येतात, हे तिला त्याच दिवसांत समजले. तिने रकान्यांना पेंड, उचल, फरक अशी नावे दिली. के-तीन कुठेच ठेवला नाही. सगळ्या नोंदी एका साध्या एसक्यूलाइट फायलीत ठेवल्या आणि पोराला ती फाइल रोज पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला शिकवले. जुन्या बिलांच्या छापील पट्ट्या तात्यांनी पोत्यात भरून ठेवल्या होत्या. त्यातले एक बिल काढून तिने नव्या प्रोग्रॅमवर करून पाहिले. पैसा न पैसा जुळला. तात्यांनी पेढे आणले.

नवे बिल वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारी संस्थेत आली. तिच्या दोन म्हशी होत्या. तिला वाचता येत नव्हते, पण नातू पावती वाचून दाखवायचा. तिच्या हातात दोन पावत्या होत्या, एक तिची आणि एक शेजारणीची.

"पोरी," ती म्हणाली, "माझं आठ आणं कुठं गेलं?"

तात्या हसले. "आठ आण्यासाठी एवढ्या उन्हात आलीस व्हय आजी?"

"आठ आणं ऱ्हाऊ द्या तुमाला," म्हातारी म्हणाली. "मी हिशोब विचारतीया."

मुलीने पावत्या घेतल्या. म्हातारीचे बिल होते 2,468 रुपये 50 पैसे, आणि खाली हातात द्यायची रक्कम 2,468. शेजारणीचे बिल 1,735 रुपये 50 पैसे, आणि द्यायची रक्कम 1,736. दोघींनाही पन्नास पैसेच होते. एकीला वर ढकलले होते, दुसरीला खाली.

"तिला वर आन् मला खाली," म्हातारी म्हणाली. "का?"

मुलीला उत्तर देता आले नाही. तिने प्रोग्रॅम तपासला. तिथे 'पूर्ण रुपयात कर' एवढीच आज्ञा होती. रात्री ती वाचत बसली तेव्हा तिच्या लक्षात आले की पायथॉनची ही रीतच आहे. आकडा बरोबर मध्यावर असला की ती तो जवळच्या सम संख्येकडे नेते. 1,735 आणि अर्ध्याला 1,736 जवळची सम, म्हणून वर. 2,468 आणि अर्ध्याला 2,468 हीच सम, म्हणून खाली. हे कोणाच्या हलगर्जीपणाने झाले नव्हते. हजारो आकडे नेहमी वरच ढकलले तर एकूण बेरीज फुगत जाते, म्हणून निम्मे वर आणि निम्मे खाली जावेत, अशी ती योजना होती. पायथॉनच्याच जुन्या आवृत्तीत अर्धे वर जायचे. आवृत्ती तीनमध्ये हा बदल झाला. शास्त्राच्या दृष्टीने तो योग्य होता. संस्थेची रीत मात्र वेगळी होती. तिथे पन्नास पैसे आणि त्यापुढचे सभासदाला वर मिळायचे. गेली कित्येक वर्षे मिळत होते.

तिने सरांची वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. पन्नास पैशांचा नियम वहीत नव्हता. तो कोणी लिहिलाच नव्हता, कारण फॉक्सप्रो स्वतःहूनच अर्धे वर नेत होती. सरांना कधी सांगावे लागले नाही, तात्यांना कधी विचारावे लागले नाही. संस्थेचा एक नियम इतकी वर्षे एका भाषेच्या सवयीत राहत होता आणि भाषा गेल्यावर तिच्याबरोबर निघून गेला. मुलीने तपासायला घेतलेल्या जुन्या बिलात बरोबर पन्नास पैशांवर थांबणारे एकच खाते होते, आणि ते नेमके विषम रुपयाचे निघाले. म्हणून तिला सगळे जुळल्यासारखे वाटले होते.

आणखी खोलात गेल्यावर दुसरी गोष्ट तिच्या हाती लागली. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, शेपटाला एक बारीकसा तुकडा चिकटतो. एरवी तो दिसत नाही, पण पैशाच्या हिशोबात नको तिथे उभा राहू शकतो. पायथॉनमध्ये पैसे दशांशातच मोजण्याची वेगळी सोय होती. मुलीने सगळा हिशोब त्या सोयीवर आणला आणि अर्धे कुठे जाईल ते स्वतःच्या शब्दांत स्पष्ट लिहिले. मग वहीत नवे पान काढून तारीख टाकली आणि लिहिले, "पन्नास पैसे व त्यापुढे असल्यास पुढचा रुपया द्यावा. हे भाषेवर सोडू नये."

पुढच्या बिलात म्हातारीला तिचा रुपया मिळाला. शिवाय मुलीने मागचे बिल चाळून अशी आणखी दोन खाती शोधली, त्यांनाही फरक दिला. तात्यांनी तो संस्थेच्या किरकोळ खर्चात टाकला.

दिवाळीचा फरकही त्याच प्रोग्रॅमने वाटला. त्यानंतर मुलीला पुण्यात मुलाखतीचे बोलावणे आले. समोरच्या बाईंनी विचारले, "कोणत्या भाषा येतात?" मुलीने पायथॉन सांगितली. "त्यात काय केलं आहे?" असे विचारल्यावर तिने आठ आण्यांची गोष्ट सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवले आणि पुढचे प्रश्न त्या गोष्टीवरच विचारले.

नोकरी लागली. पहिल्याच दिवशी कळले की काम एका बँकेचे आहे आणि ते कोबोलमध्ये चालते. तिच्या आईहून वयाने मोठी असलेली ती भाषा होती, आणि जगातल्या कितीतरी बँकांचे, विम्याचे, पेन्शनचे हिशोब अजून तिच्यावर चालत होते. बरोबरची मुले खट्टू झाली. मुलीने शिकवणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारला, "ही अर्ध्याचं काय करते?" ते म्हणाले, "सांगितलं नाही तर वरचे पैसे कापूनच टाकते. जवळच्या आकड्याला ने असं सांगितलं, तर अर्धा वर नेते." मुलीने ते लिहून घेतले. कोबोलमध्ये प्रत्येक रकमेला किती आकडे आणि दशांश चिन्ह कुठे, हे आधीच सांगून ठेवावे लागते. बाकीच्यांना तो जाच वाटला, तिला तो वहीतल्या पानासारखा ओळखीचा वाटला. दोन महिन्यांत ती कामाला लागली.

मुलीने पायथॉन निवडली म्हणून पायथॉन सगळ्यांत श्रेष्ठ, असा या गोष्टीचा अर्थ नाही. दूध तपासणाऱ्या मशीनच्या आतला प्रोग्रॅम लिहायचा असता तर तिला बहुधा सी घ्यावी लागली असती. सभासदांना मोबाइलच्या पडद्यावर बिल दाखवायचे असते तर जावास्क्रिप्टशी मैत्री करावी लागली असती. कोणती भाषा, हा तिचा प्रश्न खराच होता, पण तिने तो कामाच्या आधी विचारला होता, आणि तेव्हा ज्याने त्याने आपापल्या कामाचे उत्तर दिले. स्वतःचे काम समोर आले, ते पुढे चालवणारा पोरगा आणि त्याचा हिशोब मागणारी म्हातारी समोर आली, तेव्हा भाषा एका दुपारी ठरली. शिवाय एका भाषेत काम तडीस नेल्यावर दुसरीला काय विचारायचे, ते तिला आपोआप उमगले.

2024 च्या सुरुवातीला सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान लागू केले. गायींच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर, आधार आणि बँक खाती जोडून याद्या करायच्या होत्या. काट्यावरच्या पोराने मुलीला फोन केला. ती कामात होती, रात्री बोलू म्हणाली. रात्री तिने फोन केला तोवर पोराने स्वतःच प्रोग्रॅम उघडून 'अनुदान' नावाचा रकाना वाढवला होता. त्याने तो कपातीच्या आधी धरला होता. मुलीने विचारले, "अनुदानातून पेंड कापायची का? तात्यांना विचारलंस?" त्याने विचारले नव्हते. सकाळी विचारले. तात्या म्हणाले, ते पैसे सरकारकडून थेट खात्यात येणार, त्याला संस्थेनं हात लावायचा न्हाई. पोराने रकाना खाली नेला आणि वहीत लिहून ठेवले.

यादी वेळेत गेली. म्हातारीच्या दोन्ही म्हशीच असल्याने तिला अनुदानातले काहीच मिळाले नाही, आणि म्हशीने कोणाचे घोडे मारले आहे, हे ती पुढचे कित्येक दिवस रोज सकाळी काट्यावर येऊन विचारत राहिली.